बायपासनंतर पुन्हा छातीत दुखू लागले तर

बायपासचे ऑपरेशन झाले की हृदयाचा आजार कायमचा संपला, अशी समजूत आपल्या गावांत घट्ट बसली आहे. उचगाव, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात बायपास झालेली माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. कुणाचे ऑपरेशन होऊन आठ वर्षे झाली, कुणाचे पंधरा. ही माणसे शेतात जातात, भाताच्या लावणीवर देखरेख करतात, रविवारी मिस्साला येतात. मग एखाद्या दिवशी चढ चढताना छातीत पुन्हा तेच जुने दाटल्यासारखे होते. घरी कळले तर मुले घाबरतील, पुन्हा खर्च होईल, म्हणून “पित्त झाले असेल” असे म्हणून सोड्याचे पाणी पिऊन गप्प राहणारे अनेक असतात.

शेतकरी बंधुभगिनींनो, हा लेख अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बायपासनंतर पुन्हा अडथळा का येतो, तेव्हा स्टेंट घालतात म्हणजे काय करतात, त्याचा गुण किती येतो आणि आपण काय सांभाळायचे, हे आम्ही सोप्या शब्दांत मांडत आहोत.

नवा पाट आणि जुना पाट

हृदय हा स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागते. ते पोचवणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर साचला की रक्त कमी पडते. बायपासमध्ये डॉक्टर तो अडथळा काढत नाहीत. मळ्यातला पाट मध्येच बुजला तर आपण बाजूने दुसरा पाट काढून पुढच्या वाफ्यांना पाणी देतो, तसाच हा प्रकार आहे. पायातली शीर काढून किंवा छातीच्या आतली धमनी वळवून अडथळ्याच्या पुढे जोडतात.

पायातली शीर वापरून बायपास करण्याची पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी रूढ केली. हे डॉक्टर मूळचे अर्जेंटिनाचे. त्याआधी सुमारे बारा वर्षे ते त्या देशातल्या एका आडगावी शेतकऱ्यांचे साधे डॉक्टर म्हणून राबले होते. भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

आता मुद्दा असा की, पायातली शीर ही मुळात कमी दाबाचे रक्त वाहून नेण्यासाठी असते. तिला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होते, पुढे तीत चरबी साचते. पहिल्या वर्षातच शंभरातल्या दहा-पंधरा शिरा बंद पडतात. दहा वर्षांनी बऱ्याच शिरा बंद तरी झालेल्या असतात किंवा आतून खराब तरी. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत बायपास झालेल्यांची दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा पायातल्या शिरांपैकी शंभरातल्या ६१ चालू होत्या. छातीतल्या धमनीच्या जोडांपैकी शंभरातले ८५ चालू होते. छातीतली धमनी ही मुळात धमनीच असल्याने ती जास्त टिकते.

दुसरीही गोष्ट घडते. नवा पाट चालू झाला की जुन्या पाटातून पाणी कमी वाहते आणि तो गाळाने लवकर भरतो. हृदयाच्या मूळ धमनीचेही तसेच होते. बायपास केल्यावर तिच्यातला जुना अडथळा पुष्कळदा वाढून ती पूर्ण बंद होते. म्हणून पुढे नवा पाट बुजला की दोन्ही वाटा बंद, अशी अडचण उभी राहते.

थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही

हे दुखणे कुणाच्या पापाचे फळ नाही, की पहिल्या डॉक्टरांनी काम वाईट केले असाही त्याचा अर्थ नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांची सप्टेंबर २००४ मध्ये बायपास झाली. चार जोड घातले होते. पाच-साडेपाच वर्षांत, फेब्रुवारी २०१० मध्ये, त्यांना छातीत पुन्हा त्रास झाला. तपासणीत एक जोड पूर्ण बंद झालेला दिसला. डॉक्टरांनी तो जोड तसाच सोडला, मूळ धमनी उघडली आणि तीत दोन स्टेंट घातले.

आपले माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली. पुढे काही वर्षांनी त्यांना अँजिओप्लास्टी करून घ्यावी लागली. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्यांची दुसरी बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने ती केली. त्यानंतर त्यांनी आणखी पाच वर्षे देशाचा कारभार पाहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिल्या बायपासपासून मोजले तर ३४ वर्षे. वेळेवर उपचार आणि नियमित औषध यांनी काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

स्टेंट म्हणजे काय

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाचा लहान फुगा अडथळ्यात फुगवून वाट मोकळी करतात. हे काम पहिल्यांदा १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी केले. नुसत्या फुग्याने उघडलेली वाट पुन्हा आक्रसत असे. म्हणून १९८६ पासून तिथे धातूची बारीक जाळी ठेवू लागले. हाच स्टेंट. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आपण कडे बसवतो, त्यातलाच हा विचार. आताच्या बहुतेक स्टेंटवर औषधाचा लेप असतो. त्यामुळे आतून पुन्हा मांस वाढून वाट बंद होण्याचे प्रमाण कमी झाले आहे.

मग पुन्हा बायपास का करत नाहीत?

कधी करतातही. पण दुसऱ्या वेळी छाती उघडणे पहिल्यापेक्षा अवघड असते. आत सगळे चिकटलेले असते. पहिल्या वेळी जोडलेली आणि अजून चालू असलेली छातीतली धमनी हाडाच्या लगेच मागे असेल तर तिला धक्का लागण्याची भीती असते. शिवाय रुग्णाचे वय वाढलेले असते, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे दुखणे सोबत आलेले असते. अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांत, पूर्वी बायपास झालेल्या आणि जोखीम जास्त असलेल्या रुग्णांत दोन्ही उपचारांची तुलना झाली. तिचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच होते. ज्यांना नळीचा उपचार शक्य आहे त्यांना तो आधी द्यावा, असा कल त्यानंतर दृढ झाला. मात्र मुख्य धमनीला पूर्वी छातीतला जोड दिलेलाच नसेल किंवा अनेक जोड एकदम बंद पडले असतील, तर डॉक्टर दुसऱ्या बायपासचाही विचार करतात.

अशा रुग्णांची संख्या लहान नाही. अमेरिकेत २००४ ते २००९ या काळात स्टेंटचे उपचार झालेल्या १७ लाखांवर लोकांची नोंद तपासली, तेव्हा त्यांतल्या ३ लाखांहून अधिक लोकांची आधी बायपास झालेली होती. म्हणजे शंभरात सतरा-अठरा.

गुण किती येतो?

इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. छातीतले दुखणे कमी होणे, चालण्याची ताकद परत येणे, हा फायदा बहुतेकांना मिळतो. हृदयविकाराचा झटका चालू असताना वाट उघडली तर जीव वाचतो. पण बायपास झालेल्या माणसाचा स्टेंट आणि कधीच ऑपरेशन न झालेल्या माणसाचा स्टेंट यांत फरक आहे. आजार जुना असतो, जागा अवघड असते, म्हणून पुढे पुन्हा त्रास होण्याची शक्यता जास्त राहते.

स्टेंट कुठे घालतात यावरही बरेच अवलंबून असते. मूळ धमनीत घालता आला तर डॉक्टर पुष्कळदा तीच वाट पसंत करतात. वरच्या अमेरिकी नोंदीत शंभरातल्या सुमारे ६२ जणांना मूळ धमनीत आणि सुमारे ३५ जणांना पायातल्या जुन्या शिरेत उपचार झाले. सैनिकी रुग्णालयांतील ११ हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या नोंदीत, जोडात स्टेंट घातलेल्यांचे निकाल मूळ धमनीत घातलेल्यांपेक्षा वाईट दिसले, ऑपरेशनच्या मुक्कामातही आणि पुढच्या वर्षांतही. अर्थात ही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती. ज्यांची मूळ धमनी पार बंद होती, अशा जास्त आजारी लोकांनाच जोडात स्टेंट मिळाला असणार. म्हणून हा शेवटचा शब्द मानू नये. कोणती वाट घ्यायची हे रुग्णाची अँजिओग्राफी पाहूनच ठरते.

जुन्या शिरेत साचलेला थर मऊ आणि ठिसूळ असतो. फुगा फुगवताना त्याचे कण सुटून पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, जसा पाट साफ करताना सुटलेला पालापाचोळा पुढच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. हे कण अडवण्याचे साधन वापरून अमेरिकेत ८०१ रुग्णांवर चाचणी झाली. तिचा निकाल २००२ मध्ये आला. महिनाभरातले गंभीर त्रास शंभरात सुमारे १७ होते, ते साधन वापरल्यावर १० च्या आसपास आले. मात्र प्रत्येकालाच ते साधन लागते, असे आता डॉक्टर मानत नाहीत.

औषधाचा लेप असलेला स्टेंट जुन्या शिरेत किती उपयोगी, यावरही काम झाले आहे. जर्मनीतील ६१० रुग्णांच्या चाचणीत, २०११ मध्ये, एका वर्षात मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण लेपाच्या स्टेंटमध्ये शंभरात १५ आणि साध्या स्टेंटमध्ये २२ होते. पण पाच वर्षांनी पाहिले तर फरक उरला नव्हता. दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक लोकांना यांपैकी काही ना काही भोगावे लागले होते. अमेरिकेतील सुमारे ६०० रुग्णांच्या चाचणीतही २०१८ मध्ये पहिल्या वर्षाचे निकाल दोन्हीकडे जवळपास सारखेच आले.

याचा अर्थ उपचार व्यर्थ आहे असा नाही. अर्थ इतकाच की, शिरेतला स्टेंट एक अडथळा दूर करतो, पण बाकीची जुनी शीर जुनीच राहते. तिला सांभाळायचे काम गोळ्यांचे आणि आपल्या वागण्याचे आहे. म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे : स्टेंट मूळ धमनीत घालणार की जोडात? उरलेले जोड चालू आहेत का? नुसत्या औषधांवर भागेल का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

ऑपरेशनचा जुना कागद

एक साधी गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. बायपासच्या वेळचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. किती जोड घातले, कोणता कुठे जोडला, छातीतली धमनी वापरली का, हे त्यावर लिहिलेले असते. त्यात “लिमा” असे असेल तर ती छातीतली डावी धमनी, आणि “एस.व्ही.जी.” असेल तर ती पायातली शीर. हा कागद हाती असला की डॉक्टरांना जोड शोधत बसावे लागत नाही. वेळ वाचतो आणि तपासणीचे औषध, म्हणजे डाय, कमी लागते. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना हे फार महत्त्वाचे आहे. सातबारा आणि आरटीसीचे उतारे आपण पेटीत ठेवतो, त्यांच्याच शेजारी हाही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. त्याची एक प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

दुखणे कसे ओळखावे

छातीत दाब, जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, चालताना धाप, काम थांबवले की उतरणारा त्रास, ही खूण आहे. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना छातीत न दुखता नुसता घाम, मळमळ, थकवा एवढेच जाणवू शकते. पूर्वी निवांत चालत जाता येत होते त्या बांधापर्यंत आता दोनदा बसावे लागत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

विश्रांती घेऊनही दुखणे थांबत नसेल, घाम सुटला असेल, तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. मोटारसायकलवर बसवून नेऊ नये. उचगावहून बेळगाव जवळ आहे. तिथे जिल्हा रुग्णालय आहे आणि के.एल.ई.च्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात हृदयाचे सर्व उपचार होतात. लांबच्या गावांसाठी कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयज्योती योजना सुरू केली. तीत तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून गाठ विरघळवणारे इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे.

खर्चाची भीती

स्टेंटच्या नावाने जमीन विकायची वेळ पूर्वी अनेकांवर आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाच्या लेपाच्या स्टेंटची किंमत तेव्हा २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. त्याआधी लेपाचा स्टेंट लाखाच्या घरात जात असे. ही मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागावी.

दारिद्र्यरेषेखालील कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. तातडीची वेळ नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी लागते. सहकारी सोसायटीच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये सुरू झालेली यशस्विनी योजना मध्यंतरी बंद होती, ती २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिची वर्गणी ठरल्या मुदतीतच भरावी लागते. आजार झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ऊस बिलाचे पैसे आले की आधी ही चौकशी सोसायटीत करा.

स्टेंटनंतर काय सांभाळावे

१. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकही दिवस चुकवू नका. साधारण सहा महिने ते वर्षभर दोन्ही चालतात, पुढे एक कायम. दात काढायचा असला, विळा लागून रक्त आले, तरी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. जखम स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे दाबून धरा आणि डॉक्टरांना विचारा. गोळी अचानक बंद केल्याने स्टेंटमध्ये गाठ होऊन जीव जाऊ शकतो.

२. कोलेस्टेरॉलची गोळी आयुष्यभराची आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती बंद करायची नसते. गोळी चालू आहे म्हणून तो चांगला आला आहे.

३. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. त्या पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

४. लसूण, आले, लिंबाच्या रसाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बंद झालेला जोड काढ्याने उघडत नाही. काढ्याच्या भरवशावर गोळ्या सोडणे सर्वांत धोक्याचे.

५. तंबाखू पूर्ण बंद. निपाणी भागातल्या कितीतरी घरांचा संसार तंबाखूवर चालला. १९८१ मध्ये त्याच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोठा लढा दिला आणि त्यात प्राणही वेचले. त्या कष्टांचा आम्हाला आदर आहे. पण पिकवणे वेगळे आणि ओढणे वेगळे. विडी बायपासच्या शिरेला लवकर बंद पाडते.

६. मनगटातून उपचार झाला असेल तर त्या हाताने काही दिवस जड उचलू नका, जांघेतून झाला असेल तर आठवडाभर. त्यानंतर रोज थोडे थोडे चालणे वाढवा. खताचे पोते उचलणे, पंपाचे हँडल मारणे हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

७. नाचणीची आंबील, कडधान्य, पालेभाजी आपल्या शिवारात आहेच. मीठ, लोणचे, सुकी मासळी आणि नाताळचे डुकराचे मांस बेताने.

उपवास, कम्युनियन आणि गोळ्या

सकाळी मिस्साला जायचे म्हणून गोळ्या न घेणारे भाविक आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे : कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास पाण्याने किंवा औषधाने मोडत नाही. वयस्कर, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्यातूनही मोकळीक आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवारचा उपवास १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे, आजाऱ्यांवर तो बंधनकारक नाही. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे असते. तसेच रुग्णांचा तैलाभ्यंग हा फक्त मरणाऱ्यासाठी नसतो. मोठ्या उपचाराला जाण्यापूर्वी फादरांना बोलवावे, त्याने मनाला धीर येतो.

धर्मग्रामाने काय करावे

आमची एक सूचना आहे. प्रत्येक वाड्यावर रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील अशा चार जणांची नावे आणि फोन नंबर लिहून चर्चच्या फलकावर लावावेत. बायपास किंवा स्टेंट झालेल्या घरांत तोच कागद भिंतीवर असावा. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर आपल्यातल्या परिचारिका भगिनींनी रक्तदाब आणि साखर तपासावी. येत्या १८ ऑक्टोबरला, वैद्य असलेल्या संत लूकच्या सणाला, याची सुरुवात करता येईल.

आणि ज्यांच्या छातीत सध्या दुखते आहे पण ज्यांनी घरी सांगितलेले नाही, त्यांना एवढेच : हा अंक खाली ठेवा आणि आजच घरच्यांना सांगा.